बाहत्तर म्हणजे किती?

नवी मुंबईतल्या करावे गावातली एक आई गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत चार पानी अहवाल आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिलेला नऊ वर्षांचा मुलगा. शाळेने सांगितलं म्हणून तिने एका खाजगी दवाखान्यात त्याची तपासणी करून घेतली होती. अहवाल इंग्रजीत होता. शेवटच्या पानावरच्या ठळक आकड्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "बाई, याला बाहत्तर पडलेत. शालेत तर पस्तीसच्या वर कधी जात नाही. म्हणजे हुशार आहे ना?"

ते टक्के नव्हते. तो बुद्ध्यंक होता. मुलाचं वय नऊ; चाचणीतल्या उत्तरांवरून त्याचं 'मानसिक वय' साडेसहा निघालं; साडेसहाला नऊने भागून शंभराने गुणलं की बाहत्तर येतात. सर्वसाधारण मुलाचा हा आकडा शंभरच्या आसपास असतो. तो सत्तरच्या खाली गेला की बौद्धिक अक्षमतेचा विचार सुरू होतो. आईला पास झाल्याची पावती वाटत होती, आणि पोर प्रत्यक्षात उंबरठ्यावर उभं होतं. मी तिला हे समजावून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. हा आकडा तिच्या मुलाविषयी काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे तिला तोवर कोणीही सांगितलेलं नव्हतं.

तीस वर्षं मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे, ती इथे मांडते. मन मोजता येतं हे दाखवल्यामुळे मानसशास्त्राला शास्त्राचा दर्जा मिळाला, असं आपण शिकवतो. हे अर्धं खरं आहे. आपल्या मापात चूक किती आणि ती कुठून आली, हे विचारायची सवय या विषयाने लावून घेतली, म्हणून ते शास्त्र झालं. त्याच्या सगळ्या शाखा या विचारण्यातून फुटल्या. ते विचारणं बाजूला ठेवून नुसता आकडा लोकांच्या हाती दिला, तर शास्त्राचं फक्त नाव उरतं.

या विषयाचा उगमच मुळी एका चुकीपाशी आहे. इंग्लंडमधल्या ग्रीनिच वेधशाळेत तारा दुर्बिणीतल्या तारेवरून नेमका कधी सरकला, हे घड्याळाच्या ठोक्यांवरून टिपायचं काम चाले. मुख्य खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलिन यांच्या लक्षात आलं की त्यांचा मदतनीस किनेब्रुक प्रत्येक नोंद सेकंदाच्या सुमारे आठ दशांशाने उशिरा करतो. समज देऊनही उशीर कमी होईना. १७९६ साली त्याला कामावरून काढून टाकलं. वीसेक वर्षांनी जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांच्या वाचनात ही हकिगत आली. त्यांनी स्वतःच्या नोंदी इतर नामांकित निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर कोणत्याही दोघांच्या वेळा जुळेनात. किनेब्रुक आळशी नव्हता. डोळ्याने पाहणं, कानाने ठोका ऐकणं आणि दोहोंची सांगड घालणं याला प्रत्येक माणसाला वेळ लागतो, आणि तो वेगवेगळा लागतो. आकाशाचं माप घेताना माप घेणाऱ्याचं मन मध्ये आलं होतं.

पुढे १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. विजेच्या वेगाने जात असेल असं मानलं जाई. तो निघाला सेकंदाला तीसेक मीटर. म्हणजे जाणिवेला वेळ लागतो, आणि वेळ लागतो ते मोजता येतं. १८६० मध्ये फेक्नर यांनी बाहेरच्या उत्तेजनात किती फरक पडला की आत तो जाणवतो, याचं गणित मांडलं. मग १८७९ मध्ये लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा उघडली, आणि तेच वर्ष आपण मानसशास्त्राचं जन्मवर्ष धरतो. तिथे माणसाला लंबकाचे ठोके ऐकवत आणि क्षणोक्षणी आत काय घडतं ते सांगायला लावत. या पद्धतीला आंतरनिरीक्षण म्हणतात.

लाइपझिगचा हा धागा आपल्यापर्यंतही येतो. वुंट यांचे शिष्य म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले, त्यांच्या हाताखाली नरेंद्रनाथ सेनगुप्त शिकले, आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सेनगुप्तांच्या नेतृत्वाखाली भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग सुरू झाला. मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ मध्ये आला. आमच्या पिढीने आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचा प्रयोग केला तो याच परंपरेत. हाताला डावीकडे जायचं असतं, डोळा उजवीकडे म्हणतो, पेन्सिल कोपऱ्यावर अडखळते आणि 'प्रयुक्त' म्हणून बसलेली हुशार मैत्रीण रडवेली होते. चुका मोजून जर्नलमध्ये आलेख काढायचा. दहाव्या फेरीला चुका कमी झालेल्या दिसायच्या. शिकणं म्हणजे काय, हे मला त्या आलेखाने पुस्तकाआधी दाखवलं.

वुंट यांच्यानंतर जे 'वाद' आले ते आपण परीक्षेसाठी पाठ करतो: रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद, समष्टिवाद. एकमेकांशी भांडणारे पंथ असावेत तशी त्यांची यादी दिली जाते. मला ती एकाच कुटुंबातल्या पिढ्यांसारखी दिसते, कारण प्रत्येक वाद आधीच्याच्या मापातली खोट काढून उभा राहिला.

आंतरनिरीक्षणाची खोट लवकरच कळली. एका प्रयोगशाळेतल्या लोकांना विचार करताना मनात प्रतिमा दिसत, दुसरीतल्यांना दिसत नसत. निवाडा कोण करणार? दुसऱ्याच्या मनात डोकावता येत नाही. तिकडे विल्यम जेम्स यांनी १८९० च्या ग्रंथात मनाचे तुकडे मोजण्यापेक्षा मन माणसाला कशासाठी उपयोगी पडतं ते पाहायला सांगितलं. १९१३ मध्ये वॉटसन आणखी पुढे गेले. जे दोघांना बाहेरून सारखंच दिसतं तेवढंच मोजा, म्हणजे वर्तन मोजा, असं त्यांनी बजावलं. पावलॉव्ह यांचं अभिसंधान आणि स्किनर यांचं प्रबलन यांतून शिकण्याचे नियम हाती आले. विशेष मुलांच्या शाळेत आजही एखादं कौशल्य छोट्या पायऱ्यांत पाडून, प्रत्येक पायरीला शाबासकी देऊन शिकवतात, ती या शाखेची देणगी आहे.

वर्तनवादाची खोट भाषेने दाखवली. पूर्वी कधीही न ऐकलेलं वाक्य तीन वर्षांचं पोर सहज बोलतं. ते नुसत्या सवयीने कसं येईल? मिलर यांनी १९५६ मध्ये तात्पुरत्या स्मरणाची मर्यादा सातच्या आसपास असल्याचं मांडलं, नायसर यांच्या १९६७ च्या ग्रंथाने नव्या शाखेला नाव दिलं, आणि बोधनिक मानसशास्त्र उभं राहिलं. मन पुन्हा अभ्यासात आलं, पण या वेळी ते दुसऱ्याला पडताळता येईल अशा प्रयोगांतून आलं. समष्टिवाद्यांनी तर १९१२ पासूनच बजावलं होतं की सुटे स्वर मोजून चाल हाती लागत नाही.

फ्रॉईड यांची वाट वेगळी. त्यांची पुष्कळशी विधानं खोटी ठरवायची सोयच नव्हती आणि शास्त्र म्हणून तो मोठा दोष आहे. तरी दुःखी माणसाचं तासन् तास ऐकून घेणं हा उपचार असू शकतो, हे जगाला त्यांनी पटवलं. कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची भारतीय संस्था काढली आणि फ्रॉईड यांच्याशी पत्रांतून मतभेदही मांडले. पुढे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास माणसाच्या अविवेकी समजुतींनाच हात घालणारी उपचारपद्धती उभी केली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती अनेक वर्षांच्या पत्रव्यवहारातून आत्मसात केली आणि मराठी माणसांपर्यंत पोचवली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने मनाच्या आरोग्याचा विषय दवाखान्याच्या चार भिंतींतून काढून सभागृहात आणला.

आता करावे गावच्या मुलाकडे परत येऊ. मानसशास्त्राची प्रत्येक शाखा त्याच्याविषयी वेगळा प्रश्न विचारते. विकासाचा अभ्यास करणारा विचारेल, हा कधी बोलायला लागला, कधी चालला? बोधनिक शाखेचा माणूस विचारेल, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड नेमकी कुठे तुटते? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ विचारेल, हा भेदरलेला आहे का, झोपतो का, घरात काय चाललं आहे? शैक्षणिक शाखा विचारेल, याला आजवर शिकवलं कसं? आणि सामाजिक शाखा विचारेल, हे पोर कोणत्या गावचं आणि त्या गावाचं काय झालं? त्या चार पानी अहवालात यांपैकी एका प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं, आणि तेच अख्ख्या मुलाचं उत्तर म्हणून दिलं गेलं होतं.

शेवटचा प्रश्न नवी मुंबईत टाळताच येत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं. शेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी माणसांना 'प्रकल्पग्रस्त' हे नवं नाव मिळालं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्याच शहरात बाजार समितीमागोमाग सातारा-सांगलीकडचे माथाडी कोपरखैरणे-घणसोलीत आले, आणि देशभरातून नोकरदार आले. एकाच वर्गात आज पाच-सहा घरभाषा बसतात. करावे गावच्या मुलाच्या घरी पाण्याला पानी म्हणतात आणि डोळ्याला डोला. त्याची चाचणी झाली अर्धी हिंदीत, अर्धी इंग्रजीत. दोन वस्तूंमधलं साम्य सांग, हे त्याला परक्या भाषेत विचारलं गेलं. तो गप्प राहिला, आणि त्याचं गप्प राहणं शून्य गुण म्हणून नोंदलं गेलं.

आपल्या मुलांना आपल्या भाषेत मोजलं पाहिजे हे मराठी मुलखात कोणाला सुचलंच नव्हतं, असं मात्र नाही. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ यांच्यासोबत १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी केली. व्ही. व्ही. कामत यांनी ती तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतली, त्यावरचा शोधनिबंध १९३४ मध्ये आणि पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध केलं. नागपूरला आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या चाचणीचं भारतीय रूप तयार केलं. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीत गिलफर्ड यांच्या बुद्धीच्या प्रतिमानावर मराठी कसोट्या रचल्या गेल्या. परदेशी पट्टी जशीच्या तशी आपल्या पोरांना लावायची नाही, हा या सगळ्या कामामागचा आग्रह होता.

पण एकदा केलेली पट्टी कायमची पुरत नाही. कामतांची बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते. तिची मुळं १९३० च्या दशकातल्या मुलांत आहेत. तेव्हापासून शाळा पसरली, आहार बदलला, चित्रं-आकृत्या घरोघरी आल्या. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अमेरिकेत बुद्धिमापनातले गुण दर दहा वर्षांनी सुमारे तीनने वाढत गेले. अशी वाढ झालेली असली, तर जुन्या मानकांवर, म्हणजे तेव्हाच्या मुलांच्या सरासरीवर मोजलं की आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. परक्या भाषेत विचारलं तर ते आहे त्यापेक्षा मंद दिसतं. करावे गावच्या मुलाच्या अहवालात कोणती चाचणी वापरली, मानकं कोणत्या वर्षाची, भाषा कोणती, यांतलं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे बाहत्तर चुकला असेल तर कोणत्या बाजूला आणि कितीने, हेही सांगता येत नव्हतं. ज्या मापाची चूक सांगता येत नाही, त्याला माप कसं म्हणावं?

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला असा की चाचण्याच बंद कराव्यात. याला इतिहासाचा आधार आहे. बिने यांना अभ्यासात मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत द्यायची होती, आणि बुद्धी ही जन्मभराची ठरलेली रक्कम आहे या समजुतीला त्यांचा विरोध होता. १९११ मध्ये ते गेले. त्यांची पट्टी अमेरिकेत पोचल्यावर तिचा उपयोग स्थलांतरितांना कमअस्सल ठरवायला झाला. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, आणि विसाव्या शतकात साठ हजारांहून अधिक माणसांची अशी शस्त्रक्रिया झाली. हा कलंक या विषयावरून पुसला जाणार नाही. तरीही चाचणी काढून टाकली की उरतं ते शिक्षकाचं मत. 'ढ' हा शब्द कोणत्याही चाचणीशिवाय शेकडो मुलांच्या कपाळी लिहिला गेला आहे. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक अक्षमतेसोबत अध्ययन अक्षमतेलाही मान्यता दिली आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, सवलती हे हक्क नीट झालेल्या तपासणीवरच उभे आहेत. चाचणी नको म्हणणं सुशिक्षित घराला परवडतं. करावे गावच्या आईला परवडत नाही.

दुसरा आक्षेप असा की मनाचं ज्ञान आपल्याकडे आधीपासून आहे. पतंजली आहेत, समर्थांचे दोनशे पाच मनाचे श्लोक आहेत, मग प्रयोगशाळेची गरज काय? ही परंपरा मी लहानपणापासून मुखोद्गत केली आहे, आणि मन आवरण्याची शिकवण तिच्याइतकी मला दुसरीकडे मिळालेली नाही. मन कसं वळवावं हे ती सांगते. एखाद्या मुलाला वाचता का येत नाही याविषयी माझा तर्क चुकला असेल, तर ते मला कळावं कसं, याची व्यवस्था तिथे नाही, आणि ते तिचं कामही नव्हतं. शास्त्राचं ते काम आहे. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले छापून आलेले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले; त्यांतल्या सुमारे छत्तीस टक्क्यांनाच पुन्हा तसा स्पष्ट निष्कर्ष मिळाला. त्याआधी २०१० मध्ये तीन संशोधकांनी दाखवलं होतं की या विषयातल्या प्रयोगांत भाग घेणारी शंभरातली शहाण्णव माणसं जगाच्या अवघ्या बारा टक्के लोकसंख्येच्या श्रीमंत देशांतली असतात. विषयाची अब्रू गेली, असं तेव्हा अनेकांना वाटलं. माझ्या मते विषयाने आपली अब्रू राखली. हे दोष मानसशास्त्रज्ञांनीच शोधले आणि छापले.

करावे गावची आई आली त्या दिवशी मी मुलाशी बोलायला सुरुवात केली. शाळेविषयी विचारलं तर मान खाली. आजोबा काय करतात विचारलं तर मान वर आली. आजोबा खाडीत जाळं लावतात, चिंबोऱ्या धरतात, हा सोबत जातो. मी विचारलं, पाणी कधी चढतं ते कसं कळतं? तो म्हणाला, "आज पंचमी. पावणेचारला पुरी भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पाचाची पाऊणपट पावणेचार. मग मी अष्टमी विचारली. बोटं हलली आणि उत्तर आलं, "सहा. पण भांगाचं पानी, जास्ती चढत नाही." शाळेच्या वहीत याच मुलाने तीन चोक चौदा लिहिलं होतं.

एवढ्याने त्याचा आकडा खोटा ठरत नाही, आणि मला भाबडेपणाही करायचा नाही. काही हिशेब त्याने आजोबांच्या तोंडून पाठ केला असेल. पण ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवरचा १९८५ चा अभ्यास मला आठवला. विक्री करताना त्यांनी अठ्ठ्याण्णव टक्के हिशेब बरोबर केले, आणि तेच हिशेब कागदावर दिल्यावर सदतीस टक्के. मूल एकच, आकडे दोन. वुंट यांनीही आयुष्याची शेवटची वीस वर्षं भाषा, रूढी आणि दैवतकथा यांच्या मानसशास्त्रावर दहा खंड लिहिण्यात घालवली, कारण मनाचा हा भाग प्रयोगशाळेत सापडत नाही हे त्यांना माहीत होतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुलाच्या प्रत्येक अहवालात चाचणीचं नाव, मानकांचं वर्ष, विचारणा कोणत्या भाषेत झाली आणि आकडा किती मागेपुढे असू शकतो, या चार गोष्टी पालकाला कळेल अशा मराठीत लिहिलेल्या असाव्यात. आकडा एकटा कधीच देऊ नये. त्यासोबत उद्या वर्गात काय करायचं ते सांगावं. आणि विद्यापीठांनी, महापालिकांनी मिळून मराठीच्या बोलीभाषांसह नवी मानकं तयार करावीत. कामतांनी रेल्वे आणि टपालाच्या काळात हे करून दाखवलं. आपल्याला न जमण्याचं कारण नाही.

मुलाची दुसरी तपासणी आगरी बोली कळणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाने केली. आकडा काहीसा वर गेला. वाचनातली अडचण मात्र खरीच निघाली. अहवाल घेऊन आई पुन्हा आली तेव्हा तिने किती पडले ते विचारलं नाही. तिने विचारलं, "मग बाई, याला शिकवायचं कसं?" बिने यांच्या पट्टीमागे १९०५ साली हाच प्रश्न होता.

आता आठवड्यातून दोनदा तो एका शिक्षिकेकडे जातो. वाचायला सुरुवात कालनिर्णयच्या पानापासून केली, कारण तिथी कळली की भरती कळते आणि त्याला ती कळायला हवी असते. 'पंचमी' त्याला पहिल्या महिन्यात वाचता आली. 'चतुर्थी'तल्या रफाराशी तो अजून अडतो.